जोडीबाई आणि भांडकुदळ पुस्तकं

जोडीबाईंचं खरं नाव शाळेच्या पगारपत्रकात होतं आणि घराच्या दारावरच्या पाटीवर, नवऱ्याच्या नावाखाली बारीक अक्षरात होतं. ते वापरायची वेळ मात्र फारशी कुणावर यायची नाही. नववीला भाषा शिकवायला लागून त्यांना बावीस वर्षं झाली होती, आणि त्यातली निदान अठरा वर्षं त्या जोडीबाईच होत्या. मुलं म्हणायची, पालक म्हणायचे. एकदा तर सूचनाफलकावरही कुणीतरी तसंच लिहिलं, आणि संध्याकाळपर्यंत ते कुणी पुसलं नाही, कारण त्यात काही चुकलंय असं कुणाला वाटलंच नाही.

नाव पडलं ते पुस्तकांवरून. बाईंच्या वर्गात छत्तीस मुलं. एका टोकाला एक मुलगी होती, तिला सगळे सुपरफास्ट म्हणायचे. शनिवारी दुपारी दिलेली कादंबरी रविवारच्या जेवणाआधी संपवायची आणि सोमवारी दारातच उभी राहून पुढची मागायची, जणू बाईंकडे तिचे सुटे पैसे राहिलेत. दुसऱ्या टोकाला चौदा मुलं अशी, की पान म्हणजे त्यांना चढाची वाट. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, मध्येच दम खात ती वाचायची. त्यातला एक तर दर चार शब्दांनी थांबून खिडकीबाहेर बघायचा. त्याचं नाव पडलं होतं अर्धविराम.

अशा छत्तीस जणांना एकच पुस्तक दिलं तर काय होतं, हे बाईंनी पहिल्या चार वर्षांत पुरेपूर पाहिलं होतं. सुपरफास्टच्या जातीची मुलं मधल्या सुट्टीत शेवट फोडून मोकळी व्हायची, आणि एखाद्या अर्धविरामच्या पुस्तकातला नायक तेव्हा अजून दात घासत असायचा. मग त्यानं पुढे वाचावं तरी कशाला?

म्हणून बाई दोन कादंबऱ्या द्यायच्या. एक जाड, एक बारीक. लेखक वेगळे, गावं वेगळी, पण भांडण एकच, दोन बाजूंनी सांगितलेलं. जाड कादंबरी घरमालकाच्या बाजूची असली तर बारीक भाडेकरूच्या बाजूची. बारीक म्हणजे बाळबोध नव्हे, हे त्या ग्रंथपालांना दर वर्षी नव्यानं समजावून सांगायच्या. पानं कमी हवीत, वाक्यं आखूड हवीत, पण आतला दारूगोळा तेवढाच हवा. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात सशाचं चित्र असलेलं पुस्तक दिलं, की आपल्याला काय समजलं जातंय हे त्याला मुखपृष्ठावरच कळतं.

आणि एक नियम होता. दुसऱ्या बाजूचं पुस्तक उघडायचं नाही. त्यात काय झालं हे जाणून घ्यायचं असेल, तर ज्यानं वाचलंय त्याला जाऊन विचारायचं. त्यामुळे चर्चेच्या दिवशी सुपरफास्टला वही घेऊन मागच्या बाकापाशी उभं राहावं लागायचं, आणि मागचं बाक सांगेल तेव्हा आणि सांगेल तेवढंच तिला मिळायचं. बाईंचा सगळा डाव या एका नियमात होता. तो त्यांनी आजवर कुणाला समजावून सांगितला नव्हता.

अडचण एवढीच, की अशी जोडी सापडणं महाकठीण. त्यात बाईंचा स्वतःवर काडीचा भरवसा नव्हता. त्या जे पुस्तक वाचत असतील त्याच्याच होऊन जायच्या. सकाळी घरमालकाची कादंबरी वाचली की दुपारपर्यंत त्यांना जगातले सगळे भाडेकरू लबाड वाटायचे. संध्याकाळी भाडेकरूची वाचली की त्याच माणसासाठी डोळ्यांना पदर लागायचा. दोन पुस्तकं खरंच एकमेकांशी भांडतायत का, हे अशा माणसानं कसं ठरवावं?

त्यासाठी बाईंनी घरातच सोय केली होती.

बाईंचे यजमान जमीन मोजणीच्या खात्यात होते. आयुष्य साखळी ओढण्यात आणि खुंट्या ठोकण्यात गेलेलं, त्यामुळे वाचायचेही तसेच. एकही शब्द न सोडता, ओळ चुकली तर मागे येऊन पुन्हा मोजणी. वर्तमानपत्राचं एक पान त्यांना चहाच्या दोन कपांना पुरायचं. सासूबाईंचं उलट. त्यांनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती, एका कानानं एक गिऱ्हाईक, दुसऱ्या कानानं दुसरं. कादंबरी हातात आली की त्या आधी शेवटचं पान वाचायच्या. मेलं कोण ते कळलं की मन शांत राहतं, असं त्यांचं म्हणणं. मग मधली तीनशे पानं दोन दिवसांत फस्त.

म्हणजे घरातच एक अर्धविराम आणि एक सुपरफास्ट. बाई सोमवारी बारीक कादंबरी यजमानांच्या चष्म्याच्या डबीपाशी ठेवायच्या आणि जाड कादंबरी सासूबाईंच्या उशापाशी. वाचा असं म्हणायच्या नाहीत. मग आठ-दहा दिवसांनी, जेवताना, कधीतरी कुणीतरी म्हणायचं की तो माणूस मूर्खच होता, आणि समोरून प्रश्न यायचा की कोण मूर्ख. बाई आमटी वाढता वाढता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या. पाच मिनिटं भांडण टिकलं तर जोडी पास. दहा मिनिटं टिकलं तर विशेष प्रावीण्य. घरमालक-भाडेकरूच्या जोडीला सोळा मिनिटं मिळाली होती. त्या दिवशी सासूबाई ताट घेऊन गॅलरीत जाऊन जेवल्या, आणि पुढे दोन दिवस पोटच्या मुलाला भाडेकरू म्हणून हाक मारत होत्या. ती जोडी वर्गात सहा वर्षं चालली.

आपल्या जेवणाचा परीक्षा हॉल झालाय, हे या मायलेकांना माहीत नव्हतं. निदान बाईंची तशी खात्री होती.

यंदा शाळेत नवे मुख्याध्यापक आले. माणूस वाईट नव्हता. टापटिपीचा होता, आणि टापटीप माणसाला नववीचा तो वर्ग बघवेना. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांची वाचनाची चाचणी घेतली, मिनिटाला किती शब्द ते मोजलं, आणि चौदा नावांखाली लाल रेघ मारली. या चौदा जणांना भाषेच्या तासाला जिन्याखालच्या खोलीत बसवायचं, त्यांना वेगळे कागद द्यायचे, गाळलेल्या जागा भरायच्या. खोलीचं नाव ठेवलं होतं तयारी वर्ग. कशाची तयारी ते लिहिलं नव्हतं.

बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन अर्धा तास बसल्या. एकदा जिन्याखाली गेलेलं मूल बाहेर येत नाही, आणि बाकीच्या बावीस जणांनाही आपल्याला कुणाला काही विचारायची गरज नाही असं वाटायला लागतं, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी एक शुक्रवार दिला. बाईंनी नवी जोडी निवडावी. जुनी चालणार नाही, कारण तिची उत्तरं मोठ्या भावंडांकडून मुलांपर्यंत आलेलीच असतात. पुस्तकं शाळा घेईल. त्या शुक्रवारी ते स्वतः दोन तास मागे बसतील. चौदा जण बोलले, खरं बोलले, तर राहू देत. नुसत्या माना हलल्या तर सोमवारपासून जिन्याखाली.

बाई घरी आल्या त्या पदर खोचूनच. महिन्याच्या आत पुस्तकांची नावं द्यायची होती. पहिली जोडी उशापाशी आणि डबीपाशी ठेवली. चार दिवस, सहा दिवस, काही नाही. बाईंनीच न राहवून विषय काढला, तर यजमान म्हणाले ठीक होतं, आणि सासूबाई म्हणाल्या तो म्हणतो ते बरोबर आहे. लग्न होऊन आल्यापासून बाईंनी हे वाक्य या घरात ऐकलं नव्हतं. दुसरी जोडी, तिसरी, चौथी. मायलेक एकमेकांच्या ताटात भाजी वाढत होते. पाचव्या जोडीला तर सासूबाईंनी डोळे मिटून मान डोलावली. बाईंना घरातल्या शांततेनं इतकं हैराण कधीच केलं नव्हतं.

सहावी जोडी पुलाची होती. जाड कादंबरी तीनशे दहा पानांची, ‘बाराव्या खांबापाशी’, नदीवर पूल बांधणाऱ्या इंजिनिअरनं सांगितलेली. बारीक होती ‘वल्ह्याची खूण’, शहाण्णव पानं, पूल झाल्यावर ज्याची होडी काठाला पडून राहिली त्या होडीवाल्याची. बाईंनी दोन्ही वाचल्या, आणि घाई म्हणून जाड कादंबरीची सासूबाईंसाठी वेगळी प्रत आणली. अर्थातच आधी इंजिनिअर झाल्या, मग होडीवाल्या झाल्या. फक्त जाड पुस्तकात पान दोनशे अठरावर त्यांना जरा खटकलं. तिथून पुढे इंजिनिअरला पश्चात्ताप होतो आणि तोही होडीवाल्यांसाठी हळहळायला लागतो. मग भांडण राहिलं कुठे? त्यांनी आपल्या प्रतीच्या समासात पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं.

चौथ्याच दिवशी जेवताना घरात भडका उडाला. सासूबाईंनी भाताचा घास हातातच धरून विचारलं, “अरे, उद्या विमान आलं असतं तरी तुझा होडीवाला वल्हंच मारत बसला असता का?”

यजमानांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. “आई, तुझ्या इंजिनिअरला पोहता तरी येत होतं का? नदीत उतरला नाही कधी, आणि निघाला तिच्यावर पूल बांधायला.”

मग आवाज चढले, चमचे वाजले, गेल्या वीस वर्षांतली बरीच उणीदुणी नदीत पडली. एकोणीस मिनिटं. बाईंनी आनंदाच्या भरात आमटी पाटावर सांडली. जेवण झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे पान दोनशे अठरावरचं प्रश्नचिन्ह खोडरबरानं पुसलं. दुसऱ्या दिवशी नावं देऊन टाकली. शाळेनं जाड बावीस आणि बारीक पंधरा प्रती घेतल्या, एक जास्तीची कपाटात.

दोन आठवड्यांनी बाईंनी पहिली चर्चा घेतली. बारीक पुस्तकवाले म्हणाले, बिचारा होडीवाला. जाड पुस्तकवाले म्हणाले, हो ना, बिचारा होडीवाला. सुपरफास्टनं उभं राहून सांगितलं की त्यांचा इंजिनिअरसुद्धा शेवटी हेच म्हणतो, तेव्हा आता पुढचं पुस्तक कधी मिळेल? छत्तीस जणांचं एकमत. विचारायचं काही नाही, सांगायचं काही नाही. चौदा माना तेलपाणी केल्यासारख्या हलत होत्या. शुक्रवारला नऊ दिवस उरले होते.

बाई घरी येऊन तडक सासूबाईंच्या खोलीत गेल्या. एकोणीस मिनिटं भांडण्यासारखं सासूबाईंना जाड पुस्तकात नेमकं काय सापडलं, ते पान बघायचं होतं. उशापाशी त्यांच्यासाठी आणलेली वेगळी प्रत होती. बाईंनी ती उघडली आणि अंगठा अडकला. छापखान्यात कधीकधी होतं तसं झालं होतं. पान तेहतीस ते अठ्ठेचाळीस वरच्या कडेला कापलीच गेली नव्हती. दुमडलेला कागद तसाच बंद. ती सोळा पानं उलटायची तर आधी सुरी घ्यावी लागली असती, आणि सुरी कुणी घेतलेली दिसत नव्हती.

सासूबाई पुढच्या खोलीत मटार सोलत बसल्या होत्या. बाई पुस्तक घेऊन समोर उभ्या राहिल्या.

“बस,” सासूबाई म्हणाल्या. “आणि आधी ऐकून घे.”

त्यांनी सांगितलं ते असं. जेवताना परीक्षा असते हे घरात सगळ्यांना केव्हापासून ठाऊक होतं. सून वाढताना ताटाकडे न बघता घड्याळाकडे बघते, आमटी पाटावर सांडते, हे न कळायला ते काय दूधखुळे होते? त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. उलट मजाच यायची. पण गेलं वर्षभर सासूबाईंना अक्षरं दिसत नव्हती. जवळ धरलं तरी सगळी धुरात बुडाल्यासारखी. डोळ्यांचं कुणाला सांगितलं की डॉक्टर, मग थेंब, मग हे खाऊ नका ते उचलू नका. म्हणून त्या पुस्तक घेऊन नेहमीसारख्या बसायच्या आणि अंदाजानं पानं उलटायच्या.

“उलटायचा वेग मात्र मी कमी केला नाही हो,” त्या म्हणाल्या, आणि त्यात त्यांना थोडा अभिमानही होता.

म्हणजे पाच जोड्या नापास झाल्या त्या पुस्तकांमुळे नव्हे. परीक्षकानं पेपर वाचलाच नव्हता. मग बाईंचा उतरलेला चेहरा मायलेकांना बघवेना. सहाव्या वेळी सासूबाईंनी डोळ्यांचं मुलाला, शपथ घालून, सांगितलं, आणि त्यानं आईला गॅलरीत, झाडांना पाणी घालता घालता, दोन्ही पुस्तकांचं मलपृष्ठ वाचून दाखवलं. सासूबाईंनी भिंग घेऊन चार दिवसांत कशीबशी बत्तीस पानं वाचली. तेहतिसावं उलटेना, म्हणून तिथेच थांबल्या. भांडणाची तालीम दोनदा झाली. विमानाचं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं.

बाईंना रडावं की हसावं कळेना. म्हणून त्या मटार सोलायला लागल्या. अर्ध्या तासानं यजमान आले. त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला, टीपॉयवरचं पुस्तक पाहिलं, आणि दारातूनच परत फिरायचा विचार केला. बाईंनी त्यांना बसवलं आणि काय काय ऐकवलं ते सांगत बसत नाही. त्या चौदा मुलांचं सोमवारी काय होणार, ते मात्र दोनदा ऐकवलं.

यजमानांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “आईचं सोड. मी माझं पुस्तक अक्षर न् अक्षर वाचलंय. आणि मला खरं भांडायचं होतं ते वेगळ्याच गोष्टीवरून. पण ते कुणी काढलंच नाही.”

“कशावरून?”

“त्याच्या बायकोवरून. ती पुलावरून जाऊन येते आणि नवऱ्याला सांगते की शेजारी गेले होते. पान एकसष्ट. खालून चौथी ओळ.”

बाईंनी दप्तरातून बारीक पुस्तक काढलं. तीन ओळी होत्या. ते पान त्यांनी दोनदा वाचलं होतं, दोन्ही वेळा होडीवाल्याच्या दुःखानं डोळे भरून, आणि दोन्ही वेळा बायकोच्या अंगावरून नाव हाकावी तशा पुढे निघून गेल्या होत्या. मोजणीवाल्या माणसाला ती दिसली, कारण तो प्रत्येक ओळीवर खुंटी ठोकत चालला होता.

“मग गेली तर काय बिघडलं?” सासूबाई मटारावरून म्हणाल्या. “जन्मभर पलीकडचा काठ नुसता बघायचा? मी असते तर पहिल्या दिवशी गेले असते.”

“जा ना. पण सांगून जा.”

“त्याला सांगायचं? त्यानं जाऊ दिलं असतं?”

आणि मग जे सुरू झालं, त्याची तालीम झालेली नव्हती. मटार तसेच राहिले. बाई उठल्या, आतून कागद आणि कात्री घेऊन आल्या, आणि त्या गोंगाटात बसून त्यांनी चौदा चिठ्ठ्या कापल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी त्या वाटल्या. मुद्दाम सगळ्यांसमोर, मुद्दाम चार घड्या घालून, आणि फक्त बारीक पुस्तकवाल्यांना. आत लिहिलं होतं: पान एकसष्ट, खालून चौथी ओळ. तीनदा वाचा. कुणाला सांगू नका.

मधल्या सुट्टीपर्यंत बावीस जणांना चिठ्ठीचा वास लागला होता. शाळा सुटेपर्यंत त्यांचा धीर सुटला. आजवर वर्गातली प्रत्येक गोष्ट आधी त्यांना कळायची, मग झिरपत झिरपत मागच्या बाकावर पोचायची. आता मागच्या बाकावर काहीतरी होतं आणि ते पुढे येत नव्हतं. गणिताचा गृहपाठ, खिडकीजवळची जागा, क्रिकेटमध्ये पहिली बॅटिंग, नाना आमिषं झाली. मागचं बाक फुटलं नाही. सुपरफास्ट तीनदा ग्रंथालयात जाऊन आली. जास्तीची प्रत बाईंनी आदल्याच दिवशी स्टाफरूमच्या कपाटात, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे सरकवली होती.

या भानगडीत आणखी एक झालं, ते बाईंनी ठरवलं नव्हतं. तीनदा वाचा म्हटल्यावर चौदा जणांनी पाच-पाचदा वाचलं, आणि त्यांच्यातच दोन तट पडले. आठ जण म्हणत होते ती खोटारडी, सहा जण म्हणत होते बरं केलं. नळापाशी त्यांच्या कुजबुजत बैठका व्हायच्या. दोन जिवलग मैत्रिणींनी डबा वेगळा खाल्ला. बाई लांबून बघायच्या आणि फळा पुसायला वळायच्या, कारण हसू आवरायचं नाही.

घरी सासूबाईंची डोळ्यांच्या डॉक्टरांकडची तारीख ठरली. मोतीबिंदू निघाला. तोवर यजमानांनी सुरी घेऊन ती पानं कापली आणि आईला तेहतिसाव्या पानापासून जाड पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं. त्यांच्या वेगानं. सासूबाई दर वाक्याला पुढे चल म्हणायच्या आणि ते चालायचे नाहीत.

शुक्रवारी मुख्याध्यापक आले. स्वतःची खुर्ची घेऊन, हातात पॅड, त्यावर चौदा नावं आणि नावांपुढे रिकामे चौकोन. ते अगदी मागे बसले. बाईंनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की चिठ्ठीची बंदी उठली, आता विचारा.

सुपरफास्ट अर्धविरामच्या बाकापाशी पोचली तेव्हा तिच्या हातात वहीसुद्धा नव्हती. त्यानं सावकाश सांगितलं, चार चार शब्द करत. होडीवाल्याची बायको. पूल. शेजारी. सुपरफास्ट ऐकता ऐकता ताठ झाली. तिच्या मागून दुसरा म्हणाला यात काय एवढं, नवऱ्याची रोजीरोटी ज्यानं बुडाली त्यावरून ही फिरायला जाते म्हणजे धोका आहे. त्यावर चौदांमधली एक मुलगी, जी जून महिन्यापासून हजर या शब्दाखेरीज वर्गात काही बोलली नव्हती, ती उठून म्हणाली की रोजीरोटी बुडाली ती दोघांची, मग पूल फक्त त्याचाच वैरी कसा? तिच्याच बाकावरच्या मुलानं तिला खाली खेचत सांगितलं की तसं असेल तर तोंडावर सांगायचं, लपवायचं कशाला?

तिथून पुढे तास बाईंच्या हातात राहिला नाही आणि त्यांनी तो परत मागितलाही नाही. जाड पुस्तकवाले आपली पानं चाळायला लागले. सुपरफास्टला काहीतरी सुचलं आणि तिचा आवाजच बदलला. म्हणजे त्यांचा इंजिनिअर शंभर पानं पश्चात्ताप करत बसतो, पण पुलावरून जाणाऱ्या एका तरी बाईला त्यानं विचारलं का? मग तो कुणाच्या वतीनं रडतोय? जाड पुस्तकवाल्यांत लगेच फूट पडली. तो भला माणूस आहे, असं चौघं ओरडले. भला आहे पण विचारत नाही, असं सहा जण ओरडले.

मुख्याध्यापकांनी चौकोनांत नऊ खुणा केल्या होत्या. दहावी करायला पेन टेकवलं आणि ते तसंच राहिलं. ते पुढे वाकले होते. थोड्या वेळानं त्यांनी खुर्ची दोन बाकं पुढे सरकवली. आणि एका क्षणी, आपण इथं तपासायला आलोय हे साफ विसरून, त्यांनी विचारलं, “पण ती नवऱ्याला नक्की म्हणाली काय?”

सुपरफास्टनं बाईंकडे पाहिलं, मग मुख्याध्यापकांकडे. “सर, ज्यानं वाचलंय त्याला विचारायचं. नियम आहे.”

मुख्याध्यापक उठले आणि अर्धविरामच्या बाकापाशी आले. त्यानं पुस्तक उघडलं. पान आपोआप उघडलं, इतक्यांदा ते उघडलं गेलं होतं. ओळीखाली बोट ठेवून तो वाचायला लागला.

“चौथ्या दिवशी ती पूल... ओलांडून गेली आणि आली. कुठं होतीस, त्यानं विचारलं.” तो थांबला. खिडकीबाहेर बघितलं. मुख्याध्यापकांचे ओठ हलले, वाचताना अडलेल्या मुलाला मोठी माणसं पुढचा शब्द देतात तसा द्यायला. पण पुढचा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. त्यांना थांबावंच लागलं. “शेजारी, ती म्हणाली. पायांवर पलीकडची... लाल माती होती. ती तिनं...” सगळा वर्ग थांबला होता. “पुसली नाही.”

मुख्याध्यापकांनी पेन खिशात ठेवलं. मग म्हणाले, “म्हणजे तिला सांगायचंच होतं. तिनं माती मुद्दाम ठेवली.”

“नाही सर,” अर्धविराम म्हणाला. “तसं असतं तर ती... त्याच्या समोर येऊन बसली असती. ती चुलीपाशी गेली. खालच्या ओळीत आहे.”

“चुलीपाशी का गेली?”

“ते मला अजून कळलं नाहीये. मी तिथंच आहे.”

घंटा झाली तेव्हा मुख्याध्यापक मागच्या बाकावर दोघांच्या मध्ये दाटीवाटीनं बसून बारीक पुस्तकातलं पान बासष्ट वाचत होते, आणि अर्धविराम त्यांना सांगत होता की सर, तुम्ही फार भराभर जाताय.

सोमवारी जिन्याखालच्या खोलीची यादी आली नाही. मंगळवारी आली नाही. बुधवारी बाईंना राहवलं नाही आणि त्यांनी मुख्याध्यापकांच्या दारावर टकटक केलं. यादी टेबलावरच होती, पेपरवेटखाली. त्यांनी ती घडी करून ड्रॉवरमध्ये टाकली आणि सांगितलं की वार्षिक परीक्षेपर्यंत मुलं आहेत तिथेच राहतील, पुढचं पुढे बघू. बाईंनी यातला पुढचं पुढे हा भाग ऐकून न ऐकल्यासारखा केला. त्या उठायला लागल्या, तर मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. पुढची जोडी निघाली की त्यांनाही एक प्रत हवी होती. शुक्रवारी यायचं तर काहीतरी वाचून आलेलं बरं. त्यांना जाड पुस्तक मिळेल की बारीक?

बाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग टेबलावरचं शिक्षण खात्याचं परिपत्रक उचलून त्यांच्यापुढे धरलं.

“सर, आधी यातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवा,” त्या म्हणाल्या. “मग ठरवते.”